शाळा सोडून पाळक व्हावं का? एका मेथडिस्ट पाळक-शिक्षकाचं उत्तर

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेत तुम्ही सहा वर्षं गणित शिकवता. मंडळीने, म्हणजे आपल्या मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या चर्चने, तुम्हाला लोकल प्रीचर, म्हणजे बिनपगारी उपदेशक, केलं, महिन्यातून दोन रविवार तुम्ही उपदेश देता. आता डीएस साहेब, म्हणजे मंडळीचे जिल्हा अधीक्षक, म्हणतात, पाळक म्हणून पूर्णवेळ सेवेत या. घरी पत्नी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे, मुलगी दुसरीत. शाळा सोडावी का, दोन्ही सांभाळता येईल का, आणि पाळकाच्या पैशात घर चालतं का?

मी अकरा वर्षं शिक्षक असताना लोकल प्रीचर होतो. नंतर चोवीस वर्षं पाळक म्हणून चार गावं केली, त्यातल्या दोन ठिकाणी मंडळीच्या वसतिगृहातल्या मुलांना रोज संध्याकाळी शिकवत असे. आता निवृत्त आहे. जे भोगलं, पाहिलं त्यावरूनच सांगतो.

दोन कामं जमतात. दोन पगारी पदं जमत नाहीत. हा फरक सुरुवातीलाच मनात पक्का करा, कारण माझ्या ओळखीतले निदान तिघेजण यातच अडकले. मेथडिस्ट पाळक एका देवळाचा, म्हणजे चर्चचा, नसतो, तो कॉन्फरन्सचा, म्हणजे त्या भागातल्या सगळ्या मंडळ्यांच्या वार्षिक सभेचा, असतो. बिशप नेमतील तिथे जायचं, हा आपल्या पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याच्या काळापासूनचा शिरस्ता. कॉन्फरन्सच्या शेवटच्या दिवशी नेमणुकांची यादी वाचली जाते. तुम्ही अजून तिथे बसलेले नाही, म्हणून सांगतो: त्या दिवशी सभागृहात पंख्याचाही आवाज मोठा वाटतो. एकेका गावाचं नाव येतं, मग माणसाचं. मागच्या बाकांवर बसलेल्या बायका ओठ घट्ट मिटून ऐकत असतात, कारण त्या एका ओळीत त्यांच्या मुलांची शाळा, त्यांची नोकरी, दारातला पेरू, सगळं बदलतं. अनुदानित शाळेतली तुमची जागा त्या यादीबरोबर हलत नाही. शिवाय शिक्षक म्हणून तुम्हाला १९८१ ची खाजगी शाळा कर्मचारी सेवाशर्तींची नियमावली लागू आहे. आज बिनपगारी उपदेश देता तेवढ्यापुरतंही संस्थेला लेखी कळवून ठेवलेलं बरं. मी कळवलं होतं, आणि पुढे एका तक्रारीच्या वेळी तो एक कागद माझ्या कामी आला.

पण पाळकपण आणि शिक्षकपण ही कामं म्हणून वेगळी नाहीतच, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला पूर्ण सभासदत्व देताना कॉन्फरन्सपुढे उभं करून जुने प्रश्न विचारतील. एकूण एकोणीस आहेत, वेस्लीच्या परंपरेतून आलेले. बहुतेक जण विश्वासाच्या प्रश्नांची तयारी करून जातात. मला मात्र आयुष्यभर पुरले ते तीन साधे प्रश्न. जाल तिथे मुलांना मन लावून शिकवाल का? घरोघरी भेटी द्याल का? आणि तिसरा, ज्यावर सगळे खाली बघतात: कामात अडचण येईल इतकं कर्ज तुमच्यावर आहे का?

हा कर्जाचा प्रश्न उगाच आलेला नाही. वेस्लीचे वडील सॅम्युअल हे इंग्लंडमधल्या एपवर्थ नावाच्या छोट्या बाजारपेठेच्या गावचे पाळक. १७०५ मध्ये कर्ज फेडता आलं नाही म्हणून त्यांना लिंकनच्या किल्ल्यातल्या तुरुंगात टाकलं होतं. तेव्हा जॉन अवघा दोन वर्षांचा. पाळकाच्या घरात कर्ज शिरलं की काय होतं हे त्या घराने सोसलेलं आहे. तुमच्यावर सोसायटीचं किंवा पतपेढीचं कर्ज असेल तर आधी ते फेडा. पाळक झाल्यावर फेडू, असं म्हणू नका. मंडळीतल्याच एखाद्या सभासदाचे पैसे तुमच्याकडे राहिले, की त्याच्या घरातल्या भांडणात तुमची जीभ उचलत नाही. हे मी दुसऱ्याचं पाहून सांगत नाहीये. माझ्या पहिल्या नेमणुकीत आईच्या ऑपरेशनसाठी मी एका सभासदाकडून उसने घेतले. पुढच्याच वर्षी त्याने सुनेला घराबाहेर काढलं. मला जे बोलायला हवं होतं ते मी आठ महिने बोललो नाही.

त्याच घरात शिक्षणाची गोष्टही आहे, आणि ती जास्त गोड आहे. वेस्लीची आई सुझाना मुलांना घरीच शिकवायची. मूल पाच वर्षांचं झालं की दुसऱ्या दिवशी त्याचा धडा सुरू, सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी दोन ते पाच. तिची बहुतेक मुलं एका दिवसात अक्षरं शिकली, दोन मुलींना मात्र दीड दिवस लागला. अक्षरं आली की उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून वाचन. तिने एकोणीस मुलांना जन्म दिला, त्यातली दहा जगली. १७११-१२ च्या हिवाळ्यात नवरा परगावी असताना ती रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात आपल्या मुलांना आणि नोकरांना उपदेश वाचून दाखवू लागली. शेजारी आले, त्यांचे शेजारी आले, आणि आकडा दोनशेच्या घरात गेला. मेथडिस्ट चळवळ लंडनमध्ये १७३८ साली सुरू झाली असं आपण शिकतो. मला विचाराल तर ती या स्वयंपाकघरात आधीच सुरू झाली होती, आणि ती सुरू करणारी बाई शिक्षिका होती.

तुम्ही गणिताचे म्हणून तुम्हाला ही दुसरी हकिकत आवडेल. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहाचं कर्ज फिटत नव्हतं. कॅप्टन फॉय नावाच्या सभासदाने सुचवलं, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणी म्हणालं, गरिबांना तेवढंही जड जाईल. फॉय म्हणाला, त्यातले अकरा मला द्या, ज्यांना जमणार नाही त्यांचं मी भरतो. अशा बारा-बारा माणसांच्या तुकड्या झाल्या, आणि प्रत्येक तुकडीचा पुढारी दर आठवड्याला घरोघर पेनी गोळा करत फिरू लागला. फिरताना त्याला दिसू लागलं: हा आजारी आहे, हा दारू प्यायला लागलाय, हिच्या घरात नवरा-बायको बोलत नाहीत. वेस्लीला ते कळलं आणि तो म्हणाला, आपल्याला हवं होतं ते हेच. मेथडिस्टांची क्लास मीटिंग, म्हणजे छोट्या गटाची साप्ताहिक बैठक, ती हीच. वसुलीच्या फेरीतून पाळकीय काळजीची व्यवस्था उभी राहिली. नावही 'क्लास', म्हणजे तुमच्या ओळखीचं.

मी चारही गावांत हेच केलं, नाव न देता. शाळेची हजेरी ठेवायची सवय होती, म्हणून मंडळीसाठी एक शंभर पानी वही केली. दर कुटुंबाला एक पान. कोण कुठे कामाला, कोणती पोरगी कितवीत, कोणाचं कोणाशी बोलणं बंद, शेवटची भेट कधी. पाच-सहा आठवड्यांत एकही पान कोरं राहता कामा नये. रविवारी तीनशे लोक देवळात बसलेले दिसले की वाटतं सगळी मंडळी आपल्या डोळ्यांसमोर आहे. वही सांगते, अमक्या म्हातारीकडे तुम्ही पावसाळ्यापासून गेलेला नाही. भेट लांबवू नका. वीस मिनिटं, एक वचन, एक प्रार्थना, आणि बाहेर पडताना घरातल्या लहान मुलाला नावाने हाक. चहा दुसऱ्या घरी घेतला आणि या घरी नाही, हे छोट्या गावात चार दिवसांत सगळ्यांना कळतं. म्हणून एक तर सगळीकडे घ्या, नाहीतर कुठेच नको. मी सगळीकडे अर्धा कप घेत असे.

आता त्या वहीचा धोका सांगतो, कारण दोन कामं एका माणसाकडे असली की सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

शिक्षक असतानाची गोष्ट. आठवीतल्या एका मुलाचे वडील मंडळीचे सभासद. प्रार्थनेला मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्या माणसाने रडत सांगितलं की तो पुन्हा प्यायला लागलाय आणि मुलाच्या फीचे पैसेही त्यात गेले. आठवडाभराने स्टाफरूममध्ये कोणी त्या मुलाला आळशी म्हणालं. त्याची बाजू घ्यायची म्हणून मी बोललो, अहो, घरी काय चाललंय ते तुम्हाला माहीत नाही, आणि जे माहीत होतं ते सांगून टाकलं. हेतू चांगला होता. दोन दिवसांत ते वर्गातल्या पोरांपर्यंत पोहोचलं. मुलगा शाळेत यायचा बंद झाला. मी घरी गेलो तर त्याच्या आईने दार उघडलं आणि म्हणाली, "सर, तुम्ही पाळकासारखे आलात आणि मास्तरासारखे बोललात." वडील पुन्हा कधी देवळात आले नाहीत. मुलगा पुढे एका गॅरेजमध्ये लागला. मी त्याला शिकवायला रात्री त्याच्या घरी जायची तयारी दाखवली, त्याने नकार दिला, आणि तो त्याचा हक्क होता.

त्यानंतर मी नियम केला. प्रार्थनेच्या चटईवर ऐकलेलं शाळेच्या फाटकाच्या आत जाणार नाही. आणि उलटही. शाळेत मुलाने काय केलं ते घरभेटीत पाळक म्हणून काढायचं नाही, त्यासाठी पालकांना शाळेत बोलवायचं. तुम्हाला हे आज अवघड वाटणार नाही. थकलेले असाल आणि समोरचा सहकारी सहानुभूतीने विचारत असेल, तेव्हा वाटेल.

शाळेत उपदेश नको, हे वेगळं सांगायला नको खरं तर, पण सांगतो. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यात बसवता येत नाही. हे संविधानाच्या २८व्या अनुच्छेदात आहे. कायदा नसता तरी मी तसाच वागलो असतो. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं हिंदू, बौद्ध, मुसलमान होती. त्यांच्या आईबापांनी मूल माझ्याकडे अपूर्णांक शिकायला पाठवलं होतं. तो विश्वास मोडून केलेली सेवा मला सेवा वाटत नाही. मंडळीतल्या मुलांसाठी रविवारची शाळा आहे, तिथे हवं तेवढं शिकवा. पण तिथेही शिक्षकासारखंच शिकवा, म्हणजे तयारी करून. हॅना बॉल या मेथडिस्ट बाईने इंग्लंडमध्ये १७६९ मध्येच रविवारची शाळा चालवली होती, आणि त्या काळातल्या अशा शाळांत मुलं आधी वाचायला शिकत. माझ्या दुसऱ्या गावी मीही तेच केलं. वचन पाठ करून घेण्याआधी वचन वाचता येतंय का ते पाहिलं. सहावीतल्या चार मुलांना येत नव्हतं. त्या वर्षी रविवारच्या शाळेत आम्ही बाराखडी घेतली आणि कोणाचीही माफी मागितली नाही.

उपदेशाबद्दल एवढंच: तुम्ही जसा तास घेता तसा द्या. एक मुद्दा, एक उदाहरण, वीस मिनिटं. बाई पोराला कडेवर घेऊन सकाळी सातला भाकरी थापून आलेली असते.

गाण्याकडे मात्र लक्ष द्या. जॉनचा भाऊ चार्ल्स वेस्लीने सहा हजारांहून जास्त गीतं लिहिली, कारण ज्यांना वाचता येत नव्हतं ते गाण्यातून विश्वास शिकत. आपल्याकडे पेटी, तबला, टाळ आहेत आणि म्हाताऱ्या बायांना भजनं पाठ आहेत. जॉन वेस्लीने १७६१ मध्ये गाण्याविषयी सूचना लिहिल्या, त्यात एक अशी की सगळ्यांनी गा, जोरात गा, पण दुसऱ्याचा आवाज बुडेल असं ओरडू नका. प्रत्येक मंडळीत असा एक माणूस असतो. त्याला पुढे बोलावून तबला द्या.

गावच्या पाळकाला जे कोणी शिकवत नाही ते दफनाचं. मी विदर्भातल्या काळ्या मातीत होतो. पावसाळ्यात खड्डा खणला की तासाभरात खालून पाणी भरतं. पहिल्याच वर्षी जुलैत एका आजीबाईंचं दफन होतं. खड्ड्यात कमरेएवढं पाणी. पोरं बादल्यांनी उपसतायत, शवपेटी बाहेर, घरचे भिजत उभे, आणि मी हातात पुस्तक घेऊन. तेव्हापासून नव्या गावी गेलो की पहिल्या आठवड्यात तीन माणसं शोधत असे: खड्डा खणणारा, पेटी करणारा सुतार, आणि कबरस्तानची किल्ली ज्याच्याकडे असते तो. ताडपत्री आणि दोन बादल्या देवळाच्या मागच्या खोलीत कायम ठेवा.

लग्नाचं तसंच. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली परवाना मिळाल्याशिवाय कोणाचंही लग्न लावू नका, ओळखीतलं असलं तरी. विधी सकाळी सहा ते संध्याकाळी सात यांतच उरकावा लागतो आणि तुमच्याशिवाय दोन साक्षीदार लागतात. एकदा वऱ्हाडाचा ट्रक वाटेत पंक्चर झाला. वर पोहोचला तेव्हा पावणेसात. सनई-चौघडा सगळं बाजूला ठेवून मी आधी विधी उरकला, मिरवणूक नंतर निघाली. मुलीच्या मामाला राग आला होता. नऊ वर्षांनी त्याच मुलीला पासपोर्टसाठी दाखला लागला, तेव्हा रजिस्टरमधली नोंद नीट होती म्हणून दोन दिवसांत मिळाला. रजिस्टर स्वतः लिहा, त्याच दिवशी, काळ्या शाईने. बाप्तिस्म्याचंही. नव्या गावी गेल्यावर जुन्या रजिस्टरांना वाळवी लागली आहे का ते आधी पाहा. कित्येक घरांचा पणजोबापर्यंतचा एकमेव लेखी पुरावा त्या कपाटात असतो.

आता पैसे. पाळकाला मिळतं त्यात राहायला घर धरलं तर काटकसरीने भागतं, पण शिक्षकाच्या पगाराची सवय झालेल्या घराला पहिली तीन वर्षं जड जातात. कधी वेळेवर मिळत नाही, हेही खरं. हार्वेस्टच्या सणाला लोक ज्वारी, भोपळे, कोंबड्या आणतात, देवळाच्या अंगणात लिलाव होतो. एकच कोंबडी तिघांनी विकत घेऊन पुन्हा दान केलेली मी पाहिली आहे. ते पैसे मंडळीचे, तुमचे नाहीत. दानाचे पैसे तुम्ही कधीही मोजू नका. दोन सभासदांनी मोजावेत, त्याच दिवशी वहीत सह्या कराव्यात, सोमवारी बँकेत. माझ्या तिसऱ्या गावी मी विश्वासाने कोऱ्या चेकवर सही करून दिली होती. वर्षअखेर हिशेब लागेना. मी एक पैसाही घेतला नव्हता, पण सही माझी होती, आणि दोन वर्षं बाजारात माझ्याकडे लोक वेगळ्या नजरेने बघत. ज्यांना साधेपणाचं मोठं उदाहरण हवं त्यांनी जॉर्ज बोवेन यांचं चरित्र पाहावं. १८४८ मध्ये ते मुंबईत आले, मिशनचा पगार सोडून दिला, लोकांमध्ये अगदी थोडक्यात राहिले, पुढे मेथडिस्ट झाले आणि १८८८ मध्ये मुंबईतच वारले. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. पण ते अविवाहित होते. तुम्हाला मुलगी आहे. त्यांचं माप तुमच्या बायकोला लावू नका.

हे मी मुद्दाम लिहितोय. तुमच्या पत्रात पत्नीबद्दल एकच ओळ आहे. मंडळी एकाला नेमते आणि दोघांना कामाला लावते. पाळकीणबाईंनी महिला मंडळ चालवावं, रविवारची शाळा पाहावी, दारात आलेल्या प्रत्येकाला जेवू घालावं, आणि मुलांनी देवळात चुळबुळ करू नये, ही अपेक्षा कोणी बोलून दाखवत नाही, पण असते. माझ्या पत्नीने शिवणकाम सोडलं, कारण पाळकाच्या घरी गिऱ्हाईकं येतात हे काहींना बरं दिसेना. मी तेव्हा तिच्या बाजूने उभा राहिलो नाही. तुमच्या पत्नीची नोकरी टिकली पाहिजे. तिची बदली आणि तुमची नेमणूक एकाच जिल्ह्यात बसेल का, हे होकार देण्याआधी डीएस साहेबांना स्पष्ट विचारा, आणि विचारताना तिला सोबत न्या. उत्तर तिने स्वतःच्या कानांनी ऐकू द्या.

शिक्षणाचं म्हणाल तर जबलपूरचं लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेज आपल्या मंडळीचं जुनं घर आहे. पुण्याचं युनियन बिब्लिकल सेमिनरी जवळ पडेल. ते १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झालं आणि १९८३ मध्ये पुण्यात आलं. पाळकाच्या शिक्षणाची पदवी, बी.डी., तिला काही वर्षं जातात, त्या काळात घर पत्नीच्या पगारावर चालणार. तेही दोघांनी बसून कागदावर मांडा.

माझा सल्ला असा. लगेच हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. डीएस साहेबांकडे एक वर्ष मागा, आणि त्या वर्षात उपदेशाऐवजी एक वाडी मागा, जिथे दहा-बारा घरं आहेत आणि महिन्यातून एकदाच कोणी जातं. शनिवारी दुपारी शाळा सुटली की तिथे जा. वही करा. घरोघरी जा, मुलांना वाचायला शिकवा, एखादं दफन करा. वर्षाच्या शेवटी वहीतली पानं उलटताना पुढच्या भेटीची ओढ वाटते की ओझं वाटतं, ते बघा. ओझं वाटलं तर शाळेतच राहा आणि लोकल प्रीचर म्हणून मरेपर्यंत सेवा करा. मेथडिस्ट मंडळी छोट्या गावांत टिकली ती अशाच बिनपगारी माणसांमुळे, आणि त्यात कमीपणा अजिबात नाही. ओढ वाटली तर जा.

आणि राजीनामा द्यायचाच झाला तर एप्रिल संपल्यावर द्या. दहावीच्या मुलांचा भूमितीचा भाग अर्धा टाकून जाऊ नका. तुमच्या गावी गणिताचा दुसरा शिक्षक दिवाळीपर्यंतही मिळणार नाही.